किझिल-बेलला न थांबणारी गाडी

मी कारकून आहे. गावच्या कचेरीत एकोणीस वर्षं दाखले लिहितोय. कुणाच्या घरात किती माणसं, कुणाकडे किती मेंढ्या, कोण जन्मलं, कोण गेलं. माणूस समोर उभा राहून जे सांगतो ते मी जसंच्या तसं उतरवून घेतो आणि खाली शिक्का मारतो. त्यानं न सांगितलेलं माझ्या कागदावर कधी येत नाही. या गुणामुळे कचेरीत माझं नाव आहे. घरात मात्र हाच गुण माझ्या अंगाशी आला. (अनारकुल, म्हणजे माझी बायको, 'गुण' या शब्दाला हरकत घेते.)

गोष्ट मे महिन्यातली. डोंगराच्या अलीकडचं बर्फ वितळलं होतं आणि गावात जो तो जाइलूवर जायच्या तयारीला लागला होता. जाइलू म्हणजे खिंडीपलीकडचं उन्हाळी कुरण. जून ते सप्टेंबर आमचं गाव तिकडेच, लोकरीच्या तंबूंत राहतं. मागे राहतात ती कुत्री, तीही म्हातारी. अशा वेळी आके, म्हणजे माझे वडील, अंगणातल्या बाकावर बसल्या बसल्या म्हणाले,

"मी यंदा येत नाही."

"का, आके?"

"बॉबिक किझिल-बेलला बंद पडते. अर्धा-अर्धा तास वाऱ्यात बसायचं. माझ्यानं आता होत नाही."

बॉबिक आमची जीप. कोल्खोज, म्हणजे गावची सामाईक सरकारी शेती, मोडला तेव्हा सगळ्यांना काही ना काही वाटून दिलं. आकेंच्या वाट्याला बारा मेंढ्या, एक लंगडी घोडी आणि ही गाडी आली. त्या मेंढ्या आणि ती घोडी केव्हाच संपली, बॉबिक एकतीस वर्षं चालतेय. किझिल-बेल ही वाटेतली खिंड, समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरला थोडी कमी. तिथं बॉबिक दर वर्षी बंद पडते हे मी वर्षानुवर्षं ऐकत होतो. पाहिलं मात्र नव्हतं, कारण मी मेंढ्यांबरोबर घोड्यावरून दोन दिवस आधी निघायचो. गाडीतून आके आणि आपा यायचे. आपा म्हणजे माझी आई.

आपा जानेवारीत गेली.

तेव्हापासून आकेंचं खाणंपिणं सुटल्यातच जमा होतं. वय अठ्ठ्याहत्तर. रिकाम्या गावात चार महिने ते एकटे राहिले तर सप्टेंबरात आम्ही परत येऊ तेव्हा काय पाहावं लागेल, याची मला मनापासून भीती वाटत होती. तेव्हा त्यांनी अडचण सांगितल्यावर मला आनंदच झाला. अडचण लेखी देण्याइतकी स्पष्ट होती. गाडी खिंडीत बंद पडते. गाडी बंद पडली नाही की झालं.

"मी बॉबिकचा कार्बुरेटर काढून इंजेक्टर बसवतो," मी अनारकुलला सांगितलं.

ती पीठ मळत होती. तिनं हात थांबवले. "आके गाडीबद्दल बोलत नाहीयेत."

"गाडीचंच नाव घेतलं त्यांनी. आणि खिंडीचंही."

"माणसं ताकाला जाऊन भांडं लपवतात. तुम्हाला दिसत नाही का ते?"

"भांडं कुठलं? ते सरळ म्हणाले, बंद पडते."

"मारा मग शिक्का," ती म्हणाली आणि पुन्हा पीठ मळायला लागली.

आमच्या भागात गाड्यांचा वैद्य एकच, माइराम बाइके. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा म्हणून बाइके, नाहीतर त्याला मोठेपणा देण्यासारखं त्याच्यात काही नाही. त्यानं बॉबिकचं टोपण उघडलं, आत पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली. मयताच्या घरी काढतात तशी.

"कार्बुरेटर म्हणजे अंदाजानं स्वयंपाक करणारी बाई," तो म्हणाला. "खाली गावात अंदाज बरोबर येतो. वर हवा विरळ होते, पण ही पेट्रोल तेवढंच ओतते. मग इंजिन गुदमरतं. इंजेक्टरला मेंदू असतो. तो आधी हवा मोजतो आणि मग तेवढंच पेट्रोल देतो."

"मोजून?"

"थेंब थेंब."

मोजूनमापून वागणाऱ्या वस्तूवर कारकुनाचा जीव जडला तर त्यात त्याचा दोष नाही. मी तिथल्या तिथं हो म्हणालो.

"दोन अटी," माइराम बाइकेनं दोन बोटं वर केली. "बॅटरी भरणारा जनरेटर नवा घ्यायचा, मोठा. आणि जाइलूवर बॅटरी काढून टीव्ही लावायचा नाही. हा मेंदू विजेवर जगतो. वीज कमी पडली की पेट्रोलचा पंप थांबतो, मेंदू झोपतो, गाडी मेली. मग हँडल मारा, नाहीतर उतारावरून ढकला, उठायची नाही."

मी दोन्ही अटींना मान हलवली. (मान हलवणं आणि ऐकणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे कचेरीत बसून मला कळायला हवं होतं.) जनरेटर मी पुढच्या वर्षावर ढकलला. जुना चालतोय तोवर नवा कशाला?

काम तीन दिवसांचं होतं. सुटे भाग एका भंगारात निघालेल्या व्हॅनमधून आले आणि आमच्या अंगणात पसरले. मेंढी कापल्यावर आतडी पसरावीत तशा तारा अंगणभर पसरल्या. एक तार खिडकीतून घरात आली, कारण माइराम बाइकेला झाळायला वीज लागायची. पाचव्या दिवशी त्यानं इंजिनाचे भाग अनारकुलच्या मोठ्या कढईत पेट्रोल ओतून धुतले. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या बोर्सोकला पेट्रोलचा वास येत होता. तेलात तळलेला मऊ पिठाचा गोळा तोंडात टाकावा आणि पंपावर उभं असल्यासारखं वाटावं, असे दिवस आले. अनारकुल काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मी कचेरीत जास्त वेळ थांबतो.

तिसऱ्या आठवड्यात तिनं माइराम बाइकेच्या पियालीत चहा काठोकाठ ओतला. आमच्याकडे पाहुण्याला कधी अर्ध्या पियालीच्या वर चहा देत नाहीत. संपला की पुन्हा अर्धी, पुन्हा अर्धी, तेवढंच बसणं लांबतं. काठोकाठ भरलेली पियाली म्हणजे पी आणि ऊठ. माइराम बाइकेनं पियालीकडे पाहिलं, अनारकुलकडे पाहिलं, गुमान चहा प्याला आणि दुसऱ्या दिवशी गाडी तयार केली.

किल्ली फिरवली की आधी सीटखाली पंपाचा आवाज यायचा, बारीक, लांबलेला. आके काठी टेकत जवळ आले.

"आत कोण रडतंय?"

"पंप आहे, आके. विजेवर चालतो."

मी किल्ली पुढं फिरवली. बॉबिक पहिल्या हाकेला सुरू झाली. खोकली नाही, काळा धूर नाही, थरथरणं नाही. समोर एक पिवळा दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला.

"पूर्वी खोकायची," आके म्हणाले. "आता डोळे मिचकावते." त्यांनी टोपणावर तळहात ठेवला आणि बराच वेळ ऐकत राहिले. "आजारी माणूस बरा झाल्यासारखी नाही वाटत. दुसराच कुणीतरी येऊन बसलाय."

जुना कार्बुरेटर मी भंगाराच्या पोत्यात टाकला होता. आकेंनी तो बाहेर काढला, रॉकेलनं पुसला, फडक्यात गुंडाळला आणि आपल्या खोलीत नेऊन ठेवला. म्हातारी माणसं काहीही साठवतात, असं मी मनात म्हटलं.

मग मी त्यांना गाडीत बसवून गावामागच्या चढावर नेलं आणि उभ्या चढणीवर दोनदा थांबवून दोनदा सुरू करून दाखवलं. "आता काय अडचण, आके?"

ते समोरच्या डोंगराकडे पाहत होते. "आता काही नाही," ते म्हणाले. "येतो."

मी जिंकलो होतो. घरी येऊन अनारकुलला सांगितलं तेव्हा तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी जिंकून नक्की काय आणलंय ते तपासावंसं वाटलं.

यंदा मेंढ्या रायिमकुलच्या कळपाबरोबर आधीच गेल्या होत्या. रायिमकुल हा जाइलूवरचा आमचा शेजारी. आम्ही तिघं बॉबिकमधून निघालो. मी गाडी चालवत होतो, शेजारी आके, मागे अनारकुल आणि भांडीकुंडी. आकेंच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती आणि ती ते सोडायला तयार नव्हते.

किझिल-बेलचं शेवटचं वळण आलं. आकेंनी कोटाची बटणं लावली, कान झाकले जातील अशी टोपी ओढून घेतली आणि एक हात दाराच्या कडीवर ठेवला. वर एक सपाट तांबूस खडक आहे, रस्त्याला लागूनच. बॉबिक त्या खडकाशेजारून गेली. नुसती गेली नाही, गुरगुर न करता, वेग कमी न करता गेली. मला इतका आनंद झाला की मी तीनदा हॉर्न वाजवला.

"पाहिलंत? थांबलीच नाही!"

आके मान वळवून मागं पाहत होते. खडक दिसेनासा झाला तरी पाहत होते. "हो," ते म्हणाले. "थांबली नाही."

मग त्यांनी कडीवरचा हात काढून पिशवीवर ठेवला.

जाइलूवर पोचल्यावर ते अंथरुणाला लागले नाहीत, पण सावरले असंही म्हणता येणार नाही. तंबूच्या दाराशी बसून राहायचे. कुमीस पुढं केला की ओठाला लावून खाली ठेवायचे. घोडीच्या दुधाचा ताजा कुमीस ज्या माणसानं उभ्या आयुष्यात नाकारला नाही, तो माणूस नुसते ओठ ओले करत होता. कार्बुरेटर पिशवीतून निघून त्यांच्या उशाशी आला होता. नवव्या दिवशी त्यांनी मला हाक मारली.

"तोलोगोन, मला गावी सोड."

"गावात कुणी नाही, आके."

"म्हणूनच."

मला वाटलं, वेग सोसला नसेल. "इंजेक्टरचा काही त्रास झाला का? चक्कर वगैरे?"

यावर अनारकुल दुधाची बादली खाली ठेवून उठली, मला बाहीला धरून तंबूमागे घेऊन गेली आणि बोलली. महिनाभर साठवलेलं होतं.

"एकतीस वर्षं ती गाडी त्या खडकापाशी बंद पडायची. आपा खाली उतरून दस्तरखानाचं कापड पसरायच्या. थर्मास, बोर्सोक, कायमाकची साय. घरात सदा पाहुणे, मेंढ्या, पोरं, तुमचे दाखलेवाले. दोघांना एकमेकांशी धड बोलायला मिळायचं ते तिथंच. मी नवी सून होते तेव्हा मागच्या सीटवर झोपेचं सोंग घेऊन ऐकलंय. आके म्हणाले, खिंडीत बसणं माझ्यानं होत नाही. एकट्यानं होत नाही, असं म्हणायचं होतं त्यांना! आणि तुम्ही काय केलंत? ती जागाच काढून टाकलीत."

मी हे सगळं नीट समजून घ्यायचा प्रयत्न केला. "म्हणजे त्यांना तिथं थांबायचं होतं की थांबायचं नव्हतं?"

"दोन्ही," ती म्हणाली आणि बादली उचलून निघून गेली.

'दोन्ही'साठी आमच्या कुठल्याही अर्जात रकाना नाही. मला लाज वाटली. एवढी लाज मला कधी वाटल्याचं आठवत नाही. मी तीनदा हॉर्न वाजवला होता.

त्यांना गावी सोडायचं तर होतंच, शब्द मोडता येत नव्हता. पण जाताना खिंडीत गाडी बंद पाडायची, असं मी ठरवलं. थांबूया का, असं विचारून चालणार नव्हतं. विचारलं तर ते नको म्हणणार, हे एव्हाना मलासुद्धा कळलं होतं. गाडीच बंद पडली तर कुणाला काही बोलायला नको. म्हणून मी दिवसभर उभ्या गाडीत बसून, उजव्या हाताची बाही लांब ओढून, खाली न बघता किल्ली फिरवायचा सराव केला. तोंडानं "अरे, अरे, हिला काय झालं!" असंही म्हणून पाहिलं. रायिमकुल लांबून बघत होता.

इथं एक गोष्ट सांगायची राहिली. जाइलूवर वीज नाही. गाडी उभी केली की पहिलं काम म्हणजे बॅटरी काढून तंबूत न्यायची. तिच्यावर दिवा लागतो, फोनमध्ये जीव येतो आणि संध्याकाळी टीव्ही दिसतो. टीव्ही पाच तंबूंत मिळून एक, बॅटऱ्या पाळीपाळीनं. जुन्या बॉबिकला याचं काहीच नव्हतं. अर्धमेली बॅटरी परत लावायची, पुढून हँडल घालून दोन गरके द्यायचे की ती खोकत उठायची. मी माइराम बाइकेला मान हलवली होती, पण त्या आठवड्यात आमची पाळी होती आणि टीव्हीवर कुस्त्यांचं वर्षाचं मोठं मैदान होतं. दारात बावीस माणसं येऊन बसली. पाहुण्यांना काय सांगू? माझ्या गाडीला मेंदू आहे, म्हणून तुम्ही घरी जा?

"एकच कुस्ती," मी म्हणालो.

सातही कुस्त्या झाल्या. मग बक्षीस समारंभ झाला. मग कुणाला तरी हवामान बघायचं होतं.

सकाळी मी बॅटरी जागेवर बसवली, आके पिशवी घेऊन पुढं बसले, अनारकुल मागं बसली, मी किल्ली फिरवली. सीटखालचा पंप एकदा कण्हला. मग 'टिक्'. बस.

रायिमकुलनं आपली जीप शेजारी आणून लावली, कार्बुरेटरची, बॉबिकच्याच वयाची. दोन जाड तारा जोडल्या. बॉबिक उठली.

"माझी अजून हँडलनं उठते," तो म्हणाला. ते म्हणायची काही गरज नव्हती. मग तारा गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "तुझा जनरेटर म्हातारा आहे, तोलोगोन. गावात पोचेपर्यंत काही झालं तरी गाडी बंद करू नकोस."

मी मान हलवली.

जाइलूकडून खिंड नऊ किलोमीटर, सगळा चढ. वारा गार होता म्हणून मी आकेंसाठी आतला गरम हवेचा पंखा लावला. वर ढग उतरले होते म्हणून दिवे लावले. सगळा वेळ माझं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं. तांबूस खडक दिसला. आकेंनी या वेळी बटणं लावली नाहीत, कडीला हातही लावला नाही. ते समोर पाहत होते. मी बाही ओढली आणि किल्ली फिरवली.

बॉबिक चार हात घरंगळली आणि खडकापाशी उभी राहिली. ठरवून आणल्यासारखी.

"अरे, अरे," मी म्हणालो, "हिला काय झालं!"

मागून अनारकुलनं श्वास रोखलेला मला ऐकू आला.

"किल्ली कुणी फिरवली?" आकेंनी विचारलं.

"कुणी नाही. आपोआप बंद पडली."

"पोरा, तुझ्या लग्नाआधीपासून मी ही गाडी ऐकतोय. बंद पडायची ती आधी खोकते. मग अंग झटकते. मग मरते. ही खोकलीच नाही." त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "चालू कर."

पन्नाशीला आलेला माणूस बापासमोर खोटं बोलताना पकडला जातो तेव्हा तो दहा वर्षांचा होतो. मी गुमान किल्ली फिरवली.

'टिक्.'

पुन्हा फिरवली. पिवळा दिवा एकदा मिणमिणला आणि तोही गेला. तेव्हा मला रायिमकुलचं वाक्य आठवलं. अक्षरन् अक्षर आठवलं. दिवे आठवले, पंखा आठवला, मे महिन्यातली माइराम बाइकेची दोन बोटंही आठवली.

आके खाली उतरले. त्यांनी टोपण उघडलं आणि आत कान दिला. मी शेजारी उभा होतो.

"आता खरंच मेली," ते म्हणाले.

आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. मी त्यांना धरायला पुढं झालो, तर ते हसत होते. आधी आवाज न करता, मग खोकत खोकत, मग टोपणाला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. जानेवारीनंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होतो. अनारकुल दार उघडून खाली उतरली आणि तिनं तोंडाला डोक्यावरच्या रुमालाचं टोक लावलं. ती हसत होती की रडत होती, हे विचारायचं मी टाळलं. (एवढी सुधारणा माझ्यात झाली होती.)

आकेंनी पिशवी उघडली. आधी कार्बुरेटर काढून खडकावर ठेवला. त्याच्याखाली थर्मास होता, दस्तरखान होतं, बोर्सोक होते आणि चार पियाल्या होत्या. दस्तरखान त्यांनी स्वतः पसरलं. वाऱ्यानं टोक उडू नये म्हणून त्यावर कार्बुरेटर ठेवला. त्याला तिथं बरोबर जागा होती.

"तिनं पहिल्या वर्षी इथं मला शिव्या घातल्या," आके बसत म्हणाले. "लग्नात घोडा देतो म्हणून सांगितलंत आणि हे आणलंत, म्हणाली. दुसऱ्या वर्षी बंद पडली तेव्हा चहा घेऊन आली होती. तिसऱ्या वर्षी बोर्सोक. मग चार-पाच वर्षांनी मला नार्यन शहरातून बरा कार्बुरेटर मिळाला. हाच. हा कधीच बंद पडत नाही."

मी त्या कार्बुरेटरकडे पाहिलं. "पण दर वर्षी तर..."

"इथं बाजूला स्क्रू आहे." त्यांनी नखानं दाखवला. "निघताना एक फेरा जास्त फिरवायचा. खाली नीट चालते. इथं आली की गुदमरते. बरोबर इथंच. दोन वर्षं लागली मला जमवायला."

"आपाला माहीत होतं?" अनारकुलनं हळूच विचारलं. म्हणजे हे तिलाही माहीत नव्हतं. चोवीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघं एकाच वेळी अडाणी ठरण्याची ही पहिलीच खेप.

"तिला?" आके म्हणाले. "गाडीत बसायच्या आधी तीच विचारायची. स्क्रू फिरवलात का?"

वारा होता. मला आपाची फार आठवण आली आणि मी तसं म्हणालो. आकेंनी मान हलवली. त्यांच्या मान हलवण्याचा अर्थ ऐकलं असाच असतो.

थोड्या वेळानं त्यांनी बॉबिकच्या उघड्या टोपणाकडे बोट केलं. "तुझ्या या मेंदूला स्क्रू कुठं आहे?"

"नाही, आके. तो स्वतःच ठरवतो."

"मग काय उपयोग?" ते म्हणाले. "माइरामला सांग, पुढच्या वर्षी हा परत बसव. आणि गावी जाऊन काय करू मी? तिथं नुसती कुत्री. जाइलूवर परत जाऊ. रायिमकुलची बॅटरी आली की निघू."

अनारकुलनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. बोर्सोक गार झाले होते, त्यांना अजून किंचित पेट्रोलचा वास होता आणि आके तिसरा खात होते.

"पण बॅटरी आणणार कोण?" मी विचारलं. खिंडीत फोन लागत नाही आणि आठवड्यातून दोन गाड्या गेल्या तरी गर्दी झाली म्हणतात.

आकेंनी थर्मास उचलला आणि स्वतःच्या हातानं चहा ओतायला घेतला. आधी चौथ्या पियालीत, अर्धी. ती त्यांनी खडकाच्या आतल्या बाजूला, वारा लागणार नाही अशी ठेवली. मग अनारकुलच्या पियालीत, अर्धी. मग स्वतःच्या, अर्धी. मग माझ्या. चहा अर्ध्यावर आला, मी हात पुढं केला, पण ते ओततच राहिले. पाऊण झाली. मग काठोकाठ.

"घे, पोरा," ते फार प्रेमानं म्हणाले.

मी उभ्यानंच प्यालो. जीभ भाजली. नऊ किलोमीटर जायचं होतं आणि तेवढंच यायचं होतं.

पहिल्या वळणावरून मागं पाहिलं तर दोघं खडकाला टेकून बसली होती आणि आके अनारकुलच्या पियालीत पुन्हा अर्धाच चहा ओतत होते. मी थांबलेला दिसताच त्यांनी तोंडाशी हात धरून हाक दिली,

"तोलोगोन! सावकाश ये!"

एरवी मी हे काळजीचं वाक्य म्हणून जसंच्या तसं उतरवून घेतलं असतं. पण आता माझ्यात सुधारणा झाली होती. मी हात हलवला आणि मिळेल तेवढा लांबचा रस्ता धरला.